डावी कड, खाच अकरावी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मंडणगडहून दुपारी परत आलो. एस.टी.त साडेपाच तास पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पिशवीत आजोबांचा खंजीर, चंपाआत्याच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला.

दुकानाच्या वहीत गिऱ्हाइकांची घड्याळं, कंदील, समया यांच्या नोंदी असतात. तिथे मनातलं लिहायची सोय नाही. म्हणून ही वेगळी वही. माझं शिक्षण दहावी. धातू, हाड, लाकूड, लाख यांतलं जे येतं ते पुस्तकं वाचून आणि बोटं भाजून घेऊन शिकलो. जुनी वस्तू मूळ स्थितीत आणून देणारा दुसरा माणूस रत्नागिरीत दाखवा, मी दुकान बंद करीन.

गावच्या बौद्धवाडीत नवं सभागृह झालंय. १ जानेवारीला तिथे आजोबांचा, जानू शिपायांचा, पलटणीच्या वेषातला फोटो लागणार आणि फोटोखाली काचेच्या पेटीत खंजीर. हे जमवतोय तो सम्यक, वाडीतलाच, प्राथमिक शाळेत शिक्षक. फलकाचा मजकूर मी दिला: 'शत्रूच्या अधिकाऱ्याकडून रणांगणावर हस्तगत केलेला खंजीर.' लहानपणापासून हेच ऐकत आलोय.

चंपाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ब्याऐंशी वर्षांची, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. गावच्या घरात एकटी असते. जेवण सम्यकच्या घरून येतं. वस्तू तिच्याकडेच होती आणि द्यायला ती तयार नव्हती.

"सुरी कशाला नेतोस रे बाबल्या?"

"आत्ये, सुरी नाही. खंजीर. अधिकाऱ्याचा, गणवेशावर लावायचा."

"बरं बाबा, खंजीर. पन लवकर आन. संध्याकाळची मला लागते."

उशाखाली ठेवत असणार. लोखंड जवळ असलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत म्हणे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही तऱ्हा! वयाकडे बघून गप्प बसलो.

६ नोव्हेंबर, बुधवार

स्थिती पाहिली. सकाळी आठ ते एक, दुकानाचं अर्धं फळकूट ओढून.

एकूण लांबी ३५.५ सेंटिमीटर. पातं २१.४. इटालियन बनावट. आडव्या पट्टीवर कारखान्याची खूण अर्धी झिजलेली. मुठीच्या शेंड्याला पितळी गरुडाचं डोकं, सोन्याचा मुलामा फक्त डोळ्याच्या खोबणीत उरलेला. म्यान नाही. मूठ पांढरी, पिवळट पडलेली. भिंगाखाली जाळीदार रेषा नाहीत, बारीक काळे ठिपके आहेत. म्हणजे हस्तिदंत नव्हे, हाड. (सम्यक सगळ्यांना हस्तिदंत म्हणून सांगत सुटलाय. त्याला कळवलं.)

दोष:

एक. असल्या खंजिराला धार नसतेच, तो मिरवायचा असतो. इथे मात्र टोकाकडच्या दोन इंचांना कोणीतरी दगडावर घासून धार लावली आहे. त्याच दोन इंचांवर निळसर तपकिरी झाक.

दोन. मुठीच्या दोन्ही कडांना खाचा. उजव्या कडेला ३४, डाव्या कडेला २४, एकूण ५८. प्रत्येकीची रुंदी, खोली आणि पुढच्या खाचेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून मागच्या पानांवर तक्ता लिहिला आहे. उजव्या कडेवरच्या पहिल्या सात हाताळून इतक्या झिजल्यात की नखालाच लागतात. त्याच कडेला १९ आणि २० यांच्यामध्ये ६.१ मिलिमीटर अंतर. या कडेवर बाकी सगळीकडे २.८ ते ३.१. तिथे हात चुकलेला दिसतो. डावी कड, खाच ११: तिरकी, जास्त खोल, शेजारणीला जवळजवळ भिडलेली. निष्काळजी काम.

कोणी केलं असेल हे? मारलेल्या शत्रूंची मोजदाद म्हणून शिपाई अशा खुणा करतात, असं एका पुस्तकात वाचलं होतं. अठ्ठावन्न? आजोबांनी? बुद्धवंदना होणार त्या सभागृहात असल्या खुणा नकोत. आणि तसं नसेल तर रिकामटेकड्या हाताचा चाळा. काहीही असो, बुजवलेल्या बऱ्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

रेणुका, माझी बायको, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी करून आली, चहा घेता घेता खंजीर उचलून उजेडात धरला.

"हे टोक कोणीतरी विस्तवात धरलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा."

"सळई समजून वापरलं असेल कोणा अडाण्याने."

"आणि धार फक्त टोकालाच. भाजी चिरायला तर नसणार." मग खंजीर खाली ठेवत, "आत्यांना विचारलंत का?"

आत्याला काय विचारायचं? तिला खंजीर आणि सुरी यातला फरक कळत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्याच्या ट्रंकेतले आजोबांचे कागद सम्यकने फोनवर पाठवले. तीनदा वाचले. १९४१ ते १९४६ आजोबांची नेमणूक एकाच ठिकाणी, देशातच: इटालियन युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारा. समुद्र ओलांडल्याची नोंद कुठेच नाही.

मग रणांगण कुठलं?

दिवसभर काही सुचलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा तास काटा उलटा बसवला, माझ्या जन्मात पहिल्यांदा. संध्याकाळी ठरवलं, 'रणांगणावर' शब्द काढायचा, 'हस्तगत' राहू दे. हस्तगत म्हणजे हाती आलेला. हाती तर आलाच होता. सम्यकला मात्र अजून सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

खाचा भरायला हाडाची पूड हवी. मटण आणलं होतं. त्यातली नळी रेणुकाकडे मागितली.

"आजोबांच्या शौर्याला रविवारची नळी लावणार?"

"रंग जुळतो म्हणून."

"मग रस्सा पण थोडा लावा, चव जुळेल."

नळी सोड्याच्या पाण्यात चार तास उकळली, उन्हात वाळवली, कुटून मलमलीतून गाळली. रंग हुबेहूब.

२३ नोव्हेंबर, शनिवार

झालं. उजवीकडच्या पहिल्या सात उथळ होत्या, त्या बारीक कानशीने घासून सपाट केल्या. बाकीच्या एक्कावन्न, लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात हाडाची पूड कालवली आणि एकेक करून भरल्या. वर झिलई. भिंग लावूनसुद्धा मलाच जागा सापडेना. टोकाची निळसर झाक तेवढी राहिली आहे, ती शेवटी काढीन. गेल्या तीस वर्षांतलं हे माझं सगळ्यात स्वच्छ काम.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सम्यकचा फोन. आत्या नीट जेवत नाही. संध्याकाळी ओटीवर बसून कसलीशी नावं पुटपुटते, मध्येच अडते आणि मग रडते.

"काका, कोणाची नावं ती कळत नाही. माझ्या आजोबांचं नाव मात्र दोनदा घेतलं."

वय झालं. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या द्यायला सांगितलं. रेणुका स्वयंपाकघरातून म्हणाली, "गोळ्या राहू देत. आधी त्यांची वस्तू नेऊन द्या."

१ डिसेंबर, रविवार

हे सगळं जसं घडलं तसं लिहायचं. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

दुपारी गावी पोचलो. आत्या ओटीवर होती. खंजीर तिच्या हातात दिला. तिला दिसत नाही, पण मुठीची झिलई तरी हाताला लागेल अशी माझी अपेक्षा होती. तिने उजवा अंगठा कडेवर ठेवला. वरून खाली नेला. परत वर. मूठ फिरवली, दुसरी कड. मग गरुडाचं डोकं चाचपलं.

"ही आमची नव्हं. कोनाची आनलीस?"

"आत्ये, हीच ती. दुरुस्त केली. खाचा होत्या ना, त्या बुजवल्या."

"बुजवल्यास?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकही हाताला लागणार नाही."

हे मी म्हटलं. आणि फुशारकीने म्हटलं.

खंजीर तिच्या मांडीवर, तोंड वईच्या कुंपणाकडे. मग म्हणाली, "आता मी नावं कशी घ्यायची रे?"

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. लढाई वगैरे काही नाही. छावणी मोडली तेव्हा कोणी न नेलेलं सामान शिपायांना वाटलं. कोणाला बूट मिळाले, कोणाला पेटी. आजोबांनी चकाकणारं म्हणून हे उचललं आणि आजीला, येसूला, आणून दिलं. आजी म्हणाली, मी साडी सांगितली होती. पण आजी वाडीची सुईण होती. तिने बघितलं की हे पातं कोयतीसारखं गंजत नाही. मग पाट्यावर घासून टोकाला धार लावली.

"टोक इंगळावर धरायची. लाल झालं की गार करायची, मंग नाळ कापायची. आनि पोर रडलं, दूध प्यालं, की घरी येऊन एक खाच. तिला लिवता कुटं येत व्हतं? ही तिची वही."

ही तिची वही, म्हणाली. माझ्या पिशवीत त्या वेळी माझी वही होती.

आजी जाण्याआधी आत्याला जवळ बसवून तिने अठ्ठावन्न नावं खाचांवरून पाठ करून घेतली. मी गेल्यावर ह्यांना कोण इचारील, असं आजीने सांगितलंन. तेव्हापासून रोज दिवेलागणीला आत्या अंगठा फिरवते आणि नावं घेते. कोण मुंबईला आहे, कोण गेलं, कोणाच्या नातवाला नोकरी लागली, सगळं त्या खाचांच्या ओळीत बसलेलं.

"नुसती आठवून घेता येत नाहीत?" मी विचारलं.

तिने करून दाखवलं. "पयली तुजा बाप. ती तर आयेनं सोताच कापलीन, सोताच्या हातानं. दुसरा रावजी. मंग... मंग विमला का गंगाराम?" गुळगुळीत हाडावर तिचा अंगठा अंधारात पायरी चाचपावी तसा पुढे मागे होत राहिला. शेवटी तिने हात काढून घेतला.

"जाऊ दे. झाक केलीस ती बरी केलीस. तुजा धंदाच तो."

रागावली असती तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, सोमवार

खंजीर परत घेऊन आलो. उजवी कड, खाच पहिली. माझे वडील. कानशीने घासून काढले.

४ डिसेंबर, बुधवार

रेणुकाला सांगितलं. वाटलं, म्हणेल, मी सांगत होते. म्हणाली, "मोजमाप लिहिलंय ना? तुम्ही न मोजता कधी काही केलंय का?"

तक्ता काढला. अठ्ठावन्न ओळी. प्रत्येकीची रुंदी, खोली, अंतर. ज्यांना मी दोष म्हटलं ते दोष मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माझ्याच अक्षरात माझ्यापुढे.

जे भरशील ते पुन्हा काढता आलं पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम. तो मी पाळला आहे. चपडा स्पिरिटने विरघळेल. पण घासलेल्या सात परत येणार नाहीत. त्या मलाच कोराव्या लागतील. म्हणजे नक्कल. आयुष्यभर नकली वस्तूंवर तोंड वाकडं केलं, आणि आता आजीच्या हाताची नक्कल करायची?

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी वंदनेला जाऊन आलो. पांढरा सदरा तसाच ठेवून कामाला बसलो.

कापूस, स्पिरिट, लाकडाची अणकुची. एकेक खाच उघडी होत गेली. तळाशी रुंदी सगळीकडे ०.८. म्हणजे करवतीच्या मोडक्या पात्याने पाडलेल्या. इतक्या वेळा मोजल्या आणि हे डोक्यात आलं नव्हतं.

डावी कड, अकरावी उघडली तेव्हा पुन्हा वाटलं, ही एवढी तिरकी का? तिला सरळ करायला हात शिवशिवला. नाही केली. उजवीकडची ती मोकळी जागासुद्धा तक्त्याप्रमाणे तशीच, ६.१.

११ डिसेंबर, बुधवार

सात कोरल्या. तक्त्यातल्या खोलीपर्यंत, त्याच रुंदीच्या पात्याने. रेणुकाला डोळे मिटायला सांगून मूठ हातात दिली. तिने अंगठा फिरवला.

"या वरच्या सात नव्या आहेत. बोचतात. खालच्या मऊ आहेत."

मऊपणा तक्त्यात लिहिलेला नाही. तो मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

तेव्हा दुसरा उपाय नाही. बोटाला खोबरेल लावून रोज संध्याकाळी या सात खाचांवरून अंगठा फिरवायचा. पंचाहत्तर वर्षांची झीज अठरा दिवसांत होणार नाही, ठाऊक आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

अंगठ्याला फोड आला. डाव्या अंगठ्याने चालू.

काल रेणुका शेजारी येऊन बसली, माझ्या हातातून मूठ काढून घेतली आणि स्वतः चोळत बसली. म्हणाली, "आमच्या लेबर रूमला रजिस्टर आहे. नाव, वजन, वेळ. मी गेली बावीस वर्षं भरतेय. एकाचंही नाव मला आठवत नाही." ती तासभर चोळत होती.

३० डिसेंबर, सोमवार

रेणुकाही रजा टाकून गावी आली. आत्याने ओळखलंन. "नर्सबाई आली का गो? ह्याला एकट्याला येववलं नाय वाटतं."

दिवेलागण व्हायची होती. आत्या ओटीवर, आम्ही दोघं खाली, सम्यक खांबाला टेकून. मी मूठ तिच्या हातात दिली आणि आधीच कबूल करून टाकलं: "आत्ये, वरच्या सात मी कोरल्यात. आजीच्या नाहीत. खोटं सांगत नाही."

तिने अंगठा पहिल्या खाचेवर ठेवलान.

"तुजा बाप." पुढे. "रावजी." पुढे. तिथे थांबली. तिसरीची खोली मी दोनदा तपासली होती. "विमला. हां, विमलाच. मंग गंगाराम."

मग ती थांबलीच नाही. हळू, ठेक्यात, मध्ये मध्ये कोणाची चौकशी करत. सम्यकच्या आजोबांचं नाव आलं तेव्हा सम्यक खांब सोडून खाली बसला. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. मग अंगठा त्या मोकळ्या जागेत आला आणि तिथेच राहिला.

मला वाटलं, चुकलं. "आत्ये, तिथे मी काही केलं नाही. मुळात तसंच होतं. मोजून ठेवलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "ही माजी."

आत्याने मूठ दुसऱ्या हाताने सावरून धरली.

"पोर रडली नाय ना. म्हनून खाच नाय. पन आयेनं जागा सोडलीन. म्हनाली, चंपे, जागा तिचीच हाय, तिथं दुसऱ्या कोनाला बसवायची नाय." अंगठ्याने ती जागा तिने एकदा पुसली. "मला वाटलं, तू तीपन बुजवलीस. मग हसू आलं. जागा कोन कशानं बुजवनार?"

आत्या सासर सोडून माहेरी का राहिली, हे मला त्रेपन्न वर्षांत कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं. रेणुका उठून तिच्याजवळ जाऊन बसली. आत्याने पुढची नावं घेतली, उजवी कड संपवली, मूठ फिरवली. डावीकडे दहा झाल्या. अकरावीवर तिच्या चेहऱ्यावर मोठं हसू आलं.

"ही तिरकी कोनाची, वळकलंस?"

"नाही."

"तुजी रे बाबल्या! पायाळू व्हतास. पाय आधी भाईर, डोकं आत. दोन दिस छळलास. आये घरी आली ती हात कापत व्हते तिचे. खाच मारायला बसली ती अशी गेली वाकडी. म्हनली, राहू दे, पोर पन असंच आलंय."

रेणुका इतकी हसली की आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तरीच!" म्हणाली. "तरीच म्हटलं, सगळ्या जगाच्या रेघा सरळ करत का सुटलेत!"

मी चष्मा पुसत होतो.

मग आत्याने शेवटपर्यंत नावं घेतली. अठ्ठावन्न. वरच्या सातांबद्दल अखेरीस एवढंच म्हणाली, "नवीन हायत. बोचतात जरा. रोज हात फिरला की व्हतील नरम. मी हाय अजून."

३१ डिसेंबर, मंगळवार

सम्यक कुरकुरला. "काका, फलक छापून आलाय. आणि लोकांना लढाई आवडते."

म्हटलं, बाळंतपण बघितलंयस का कधी?

त्याने फलक भिंतीला उलटा टेकवला. मग म्हणाला, "आजीचा फोटो नाही आपल्याकडे." खरंच नाही. आजोबांच्या फोटोशेजारी रिकामी चौकट लावायची ठरलं. जागा सोडायची या घरात पद्धत आहे.

१ जानेवारी २०२५, बुधवार

वंदना झाली, भाषणं झाली. माणसं पेटीसमोर रांगेने आली. गंगाराम, चौथी खाच, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त, शहात्तर वर्षांचे. त्यांनी काच काढायला लावली. आपल्या खाचेवर बोट ठेवून म्हणाले, "एवढाच होतो होय?"

चौथी खाच मी कोरलेली. त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, "मग आता दोघांनी जन्माला घातला म्हणायचं."

खंजीर पेटीत फक्त कार्यक्रमापुरता. संध्याकाळी आत्याला लागतो. ती घेऊन गेली. पेटीत उरलं ते माझ्या हातचं कार्ड. मजकूर उतरवून ठेवतो:

'येसू जानू, सुईण, यांची सुरी. इटालियन बनावट, मूळ वापर गणवेशावर मिरवण्याचा. पातं पोलादी, टोकाला धार व तापवल्याची झाक. दोन्ही त्यांच्या हातची, काढू नयेत. मूठ हाडाची. खाचा अठ्ठावन्न. पैकी उजव्या कडेच्या पहिल्या सात दुरुस्तीत नष्ट झाल्या, मोजमापावरून पुन्हा कोरल्या. चूक व काम राजेंद्र, डावी कड, खाच अकरावी. उजव्या कडेवर एकोणीस आणि वीस यांच्यामधली मोकळी जागा मुळातली आहे. तो दोष नाही. स्थिती: चांगली. रोज वापरात.'